गोव्यात राहून इंग्लंडमधील फ्लॅटची लीज वाढवून घेताना: एका सॉलिसिटर सेवेचे परीक्षण

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली अनेक गोमंतकीय कुटुंबे स्विंडन, वेम्ब्ली, साउथॉल अशा ठिकाणी स्थिरावली, आणि त्यांतील काहींनी तेथे फ्लॅटही घेतले. आम्ही पतीपत्नीही त्यांतलेच. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी आम्ही फोंड्याला परत आलो, तरी स्विंडनचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकला नाही; तो भाड्याने दिलेला आहे. त्या फ्लॅटची लीज वाढवून घेण्याचे काम आम्ही गेल्या वर्षी इंग्लंडमधील एका सॉलिसिटर पेढीकडे सोपवले. हे काम मुळातच नीट समजावून सांगितले जात नाही, आणि समजले नाही तर त्याची किंमत पौंडांत मोजावी लागते. म्हणून पेढीचे नाव न घेता तिने काय केले, काय केले नाही आणि त्यासाठी किती आकारले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी मालमत्तेचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. गोव्यात फ्लॅट घेतला की विक्रीखतात जमिनीतील अविभक्त हिस्सा लिहिलेला असतो, त्यामुळे घर आपले म्हणजे कायमचे आपले, अशीच आपली समजूत असते. इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक फ्लॅट मात्र लीजवर विकले जातात. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची, राहते आणि आपण ९९ किंवा १२५ अशा ठरावीक वर्षांचा हक्क विकत घेतो. कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेची, जमीन आफोरामेंतावर (कायमच्या पट्ट्यावर) घेऊन दरवर्षी फोर, म्हणजे तिचे भाडे, भरणाऱ्या घरांना यातील भुईभाड्याचा, म्हणजे फ्रीहोल्डरला दरवर्षी द्यायच्या रकमेचा, भाग चटकन कळेल, परंतु आफोरामेंत कायमचे असते आणि ही लीज वर्षागणिक आटत जाते. जसजशी वर्षे कमी होतात तसतशी फ्लॅटची किंमत घसरते, आणि पुढे अशी वेळ येते की बँका त्यावर कर्ज द्यायला कां-कूं करतात व ग्राहक मिळेनासा होतो.

आमची लीज २४ जून २००६ पासून ९९ वर्षांची होती. म्हणजे २४ जून २०२५ रोजी तिची नेमकी ८० वर्षे उरणार होती, आणि या साऱ्या व्यवहारात ८० हाच कळीचा आकडा आहे. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षे आणि शून्य भुईभाडे मागण्याचा हक्क दिला आहे; त्या बदल्यात फ्रीहोल्डरला मोबदला, म्हणजे प्रीमियम, द्यावा लागतो. हा हक्क मागणारी नोटीस फ्रीहोल्डरला दिली त्या दिवशी ८० पेक्षा जास्त वर्षे उरलेली असतील तर फ्रीहोल्डरचे प्रत्यक्ष नुकसान तेवढे भरून द्यायचे असते. मुदत ८० वर्षांवर किंवा त्याखाली आली, की लीज वाढल्याने फ्लॅटच्या किमतीत जी अधिकची भर पडते, तिचा निम्मा वाटाही त्याला द्यावा लागतो. समजा, कमी मुदतीचा फ्लॅट २,०५,००० पौंडांना आणि वाढीव मुदतीचा २,२०,००० पौंडांना विकला जातो. फरक १५,००० चा. त्यातून फ्रीहोल्डरचे मूळ नुकसान ७,००० वजा केले की ८,००० उरतात, आणि त्यांतले ४,००० पौंड वरच्या वर त्याच्या पदरात पडतात. वर्षे जितकी कमी, तितका हा बोजा झपाट्याने वाढतो.

याच सुमारास इमारतीचे व्यवस्थापन पाहणाऱ्या एजंटांचे पत्र आले. कायद्याची नोटीस वगैरे न देता, परस्पर संमतीने ४,९०० पौंडांत लीज पुन्हा ९९ वर्षांची करून देऊ, असा प्रस्ताव होता. उत्तरासाठी २८ दिवस दिले होते. वरकरणी हा सौदा स्वस्त दिसतो, आणि अशी पत्रे आलेल्या अनेकांनी ती लगेच स्वीकारलेलीही असतील. पत्राची दुसरी बाजू पेढीतील सॉलिसिटर बाईंनी पहिल्याच फोनवर उलगडून दाखवली, आणि तेथेच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्या प्रस्तावात प्रत्यक्ष वाढ फक्त १९ वर्षांची होती. वार्षिक १५० पौंडांचे भुईभाडे मूळ मुदतीची उरलेली ८० वर्षे तसेच चालू राहणार होते, कारण ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या भुईभाड्याच्या कायद्याने संमतीच्या वाढीत फक्त नव्याने जोडलेल्या वर्षांचे भाडे शून्य करणे बंधनकारक केले आहे. शिवाय एजंट तो प्रस्ताव केव्हाही मागे घेऊ शकत होते. त्यांनी दोन महिने चालढकल केली असती तर २४ जून उलटून गेला असता, आणि मग कायद्याने हक्क मागायचा तरी प्रीमियम चढा झाला असता. ‘पत्र स्वीकारायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठरवण्याआधी नोटीस देऊन तारीख पक्की करा,’ असा त्यांचा सल्ला होता. नोटीस दिली की मूल्यांकन त्या तारखेला गोठते, मग बोलणी कितीही लांबली तरी चालते.

पेढी निवडण्यापूर्वी आम्ही लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस या सरकारी अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळाचा आधार घेतला. तिचाही येथे स्वतंत्र उल्लेख करायला हवा. फ्लॅटची किंमत, उरलेली वर्षे आणि भुईभाडे भरले की प्रीमियमचा अंदाजे पल्ला दाखवणारे तेथील गणनयंत्र विनामूल्य आहे, आणि फोंड्यात बसलेल्या माणसाला आपण किती पैशांच्या गोष्टीत हात घालत आहोत हे त्यावरून कळते. नोटिशीपासून न्यायाधिकरणापर्यंतच्या टप्प्यांची तेथील माहितीही सोप्या इंग्रजीत आहे. मात्र त्या पल्ल्याच्या भरवशावर नोटिशीत आकडा टाकू नये. भुईभाडे ठरावीक वर्षांनी वाढत जाणारे असेल तर स्थानिक मूल्यांकनकाराशिवाय पर्याय नाही. सॉलिसिटर शोधण्यासाठी असोसिएशन ऑफ लीजहोल्ड एन्फ्रँचाइजमेंट प्रॅक्टिशनर्स या संघटनेची सदस्ययादी उपयोगी पडली. घर विकत घेताना कागदपत्रे करून देणारा वकील आणि लीजवाढ नेहमी हाताळणारा वकील यांत मोठा फरक असतो, म्हणून या यादीबाहेर जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन.

पेढीच्या कामातील पहिली मोलाची गोष्ट नोटिशीच्या आधीची आहे. आम्ही वर्षानुवर्षे भुईभाडे ज्या कंपनीला भरत होतो तीच फ्रीहोल्डर, असे आम्ही गृहीत धरले होते. पेढीने भू-नोंदणी कार्यालयातून इमारतीच्या मालकीचे उतारे मागवले, तेव्हा भाडे गोळा करणारी कंपनी केवळ एजंट असून मालकी दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असल्याचे आढळले. नोटीस चुकीच्या नावाने गेली असती तर ती अवैध ठरण्याचा धोका होता, आणि आमच्या बाबतीत ८० वर्षांची रेषा काही आठवड्यांवर आलेली असताना दुसरी नोटीस देण्याइतका वेळ उरला नसता. आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावरील नावे न पाहता कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही. तीच दक्षता तेथेही लागते.

मूल्यांकनकार पेढीने सुचवला, पण त्याची नेमणूक आणि शुल्क वेगळे होते. त्याचा अहवाल मला या साऱ्या सेवेतील सर्वांत वाचनीय कागद वाटला. दुसऱ्या पानावर एकच लहानसा तक्ता होता. वाढीव मुदतीने फ्लॅटची किंमत २,२०,००० पौंड. ८० वर्षांनी फ्लॅट परत मिळण्याचा फ्रीहोल्डरचा हक्क आज किती किमतीचा, हे काढण्यासाठी ५ टक्के दर लावलेला. हा दर लीजवाढीच्या मूल्यांकनावरील स्पोर्टेली या इंग्लंडमधील खटल्यापासून फ्लॅटसाठी सर्वसाधारणपणे रूढ आहे. त्या हिशेबाने सुमारे ४,४०० पौंड. आणि दरवर्षीचे १५० पौंड ८० वर्षे बुडणार, त्याची आजची किंमत ६ टक्के दराने सुमारे २,५०० पौंड. एकूण ६,९०० च्या आसपास. फ्रीहोल्डरच्या बाजूने बोलणी कोठे ताणली जातील, फ्लॅटची किंमत फुगवून की भाड्याचा दर खाली आणून, हेही त्याने एका परिच्छेदात लिहून ठेवले होते. चक्रवाढ व्याज शाळेत शिकलेल्या कोणालाही हा तक्ता पडताळून पाहता येतो, आणि प्रत्येकाने तो स्वतः पडताळावा.

नोटीस मे महिन्यात गेली. तिच्यात ५,८०० पौंडांचा प्रस्ताव होता. हा आकडा फार हास्यास्पद ठेवला तर नोटिशीलाच आव्हान दिले जाऊ शकते, म्हणून मूल्यांकनकाराच्या हिशेबापेक्षा थोडाच खाली ठेवला. पूर्वी या नोटिशीवर फ्लॅटधारकाचीच सही लागत असे. २०१४ च्या दुरुस्तीमुळे आता त्याच्या वतीने सॉलिसिटर सही करू शकतो, आणि परदेशी राहणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. फ्लॅट किमान दोन वर्षे नावावर असण्याची अटही ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली आहे. नुकताच फ्लॅट घेतलेल्यांनी किंवा वारशाने मिळालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच दिवशी पेढीने आम्हाला तारखांचे एक पानभर पत्रक पाठवले. या सेवेतील कोणत्या एका गोष्टीसाठी मी पैसे दिले असे विचाराल तर मी या पत्रकाकडे बोट दाखवीन. प्रतिनोटीस, म्हणजे आपल्या नोटिशीचे उत्तर, देण्यासाठी फ्रीहोल्डरला किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याने त्या मुदतीत ती दिलीच नाही तर फ्लॅटधारकाला न्यायालयात जाऊन स्वतःच्या नोटिशीतील अटींवरच लीज मागता येते, पण त्यासाठीही सहा महिन्यांची मर्यादा आहे. प्रतिनोटीस आली आणि दोन महिन्यांत एकमत झाले नाही तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि तो प्रतिनोटिशीपासून सहा महिन्यांच्या आत करावाच लागतो. ही तारीख चुकली तर नोटीस मागे घेतली असे कायदा मानतो, फ्रीहोल्डरचा तोवरचा खर्च आपल्या माथी बसतो, आणि बारा महिने नवी नोटीस देता येत नाही. अटी ठरल्यानंतरही दोन महिन्यांत लीज झाली नाही तर त्यापुढील दोन महिन्यांत न्यायालयात जावे लागते. फ्रीहोल्डरच्या बाजूने या तारखा चुकण्याची वाट पाहिली जाते की नाही हे मला सांगता येणार नाही, पण आमच्या प्रकरणात त्यांचे प्रत्येक उत्तर मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसांत आले. पेढीने मात्र प्रत्येक तारखेच्या आधी, आम्ही न विचारता, आठवण आणि पुढची पायरी दोन्ही लिहून कळवली.

प्रतिनोटीस जुलैअखेर आली. हक्क मान्य, पण मागणी ८,५०० पौंडांची. त्यांनी फ्लॅटची किंमत २,६५,००० धरली होती आणि भाड्याचा दर साडेचार टक्क्यांवर आणला होता, म्हणजे आमच्या मूल्यांकनकाराने वर्तवलेल्या दोन्ही जागा त्यांनी धरल्या होत्या. चवथ झाली, दिवाळी आली, तरी दोन्ही मूल्यांकनकारांचा पत्रव्यवहार चालूच होता. शेवटी ७,२०० पौंडांवर तडजोड झाली. न्यायाधिकरणात गेलो असतो तर कदाचित दोनतीनशे पौंड आणखी वाचले असते, पण तेथील आपला खर्च आपणच सोसायचा असतो, हे पेढीने स्पष्ट सांगितले. न्यायाधिकरणात नेण्याने पेढीचेच शुल्क वाढले असते, तरीही तिने तो मार्ग सुचवला नाही. हे मी तिच्या पदरी जमा करतो.

सह्यांचा टप्पा फोंड्यात पार पडला. लीजचा दस्त कुरिअरने आला. सही करायच्या प्रत्येक जागी पिवळी चिकटपट्टी लावलेली होती आणि सोबतच्या पत्रात ठळक अक्षरांत बजावले होते की तारखेची जागा कोरी ठेवावी. ती तारीख व्यवहार पूर्ण होतो त्या दिवशी सॉलिसिटर घालतात. साक्षीदार सही करताना समोर हजर हवा, आणि तो नात्यातला नसावा असे पेढीचे सांगणे होते. आमच्या शेजारचे निवृत्त बँक अधिकारी साक्षीदार झाले; नाव, पत्ता आणि व्यवसाय त्यांनी स्पष्ट अक्षरांत लिहिला. गोव्यातील कायद्यामुळे स्थावर मालमत्तेच्या कागदावर पतीपत्नी दोघांनी सही करण्याची आपल्याला सवय असते. तेथे नोंदणीत ज्यांची नावे आहेत त्यांच्या सह्या लागतात. आमच्या बाबतीत दोघांचीही नावे होती, त्यामुळे प्रश्न आला नाही, पण फ्लॅट फक्त मुलाच्या नावावर असेल तर कागद त्याच्याकडेच जातील आणि गोव्यातील आईवडिलांनी कितीही धावपळ केली तरी उपयोग होणार नाही.

ओळख पटवण्याच्या बाबतीत मात्र पेढीने आम्हाला उगाच दमवले. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा नोटरीकडून साक्षांकित करून मागितला, ते योग्यच. पण आधी एका नमुन्यात, मग दुसऱ्या नमुन्यात, आणि शेवटी पैशांचा स्रोत दाखवण्यासाठी तेथील बँक खात्याचे उतारे, असे हप्त्याहप्त्याने मागत राहिले. परदेशी राहणाऱ्या ग्राहकांसाठी एकच संपूर्ण यादी पहिल्या दिवशी देणे अवघड नाही. दुसरी तक्रार शुल्काची आहे. १,२५० पौंड अधिक मूल्यवर्धित कर हे शुल्क ठरावीक म्हणून सांगितले गेले. प्रत्यक्षात ते नोटीस, साधी बोलणी आणि लीज पूर्ण करणे एवढ्यापुरतेच होते, आणि न्यायाधिकरणात अर्ज करावा लागला असता तर पुढचे काम तासाच्या दराने चालले असते. ही अट करारपत्राच्या चौथ्या पानावर होती. फोनवर कोणी तिचा उल्लेख केला नाही. मधल्या काळात आमचे प्रकरण सांभाळणारी कनिष्ठ व्यक्ती बदलली, आणि नव्या व्यक्तीला काही गोष्टी आम्हीच पुन्हा सांगितल्या.

एकूण हिशेब असा झाला. प्रीमियम ७,२०० पौंड. आमच्या सॉलिसिटरचे करासह १,५००. मूल्यांकनकाराचे करासह ८४०. आणि फ्रीहोल्डरचा वाजवी कायदेशीर व मूल्यांकनाचा खर्च, जो १९९३ च्या कायद्याने आपल्यालाच भरावा लागतो, सुमारे १,९००. म्हणजे जवळजवळ साडेअकरा हजार पौंड, आपल्या रुपयांत तेरा लाखांवर. प्रीमियम ४०,००० पौंडांच्या खाली असल्याने मुद्रांक कर लागला नाही. फ्रीहोल्डरच्या खर्चाचा तपशील पेढीने मागवला आणि त्यातील दोन नोंदींवर आक्षेप घेऊन तो कमी करवला. हे काम ठरावीक शुल्कातच झाले.

२०२४ चा सुधारणा कायदा पूर्ण लागू होईपर्यंत थांबावे का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. २४ मे २०२४ रोजी मंजूर झालेल्या त्या कायद्यात ९० ऐवजी ९९० वर्षांची वाढ, ८० वर्षांखालील तो निम्म्या वाट्याचा बोजा रद्द करणे आणि फ्रीहोल्डरचा खर्च सहसा आपल्यावर न टाकणे अशा तरतुदी आहेत, पण हे लिहीत असताना त्या अमलात आलेल्या नाहीत. पेढीचे उत्तर सावध होते आणि मला ते पटले. ज्यांची १०० च्या वर वर्षे उरली आहेत आणि फ्लॅट विकायचा नाही, त्यांनी खुशाल थांबावे. ज्यांची ८१-८२ उरली आहेत त्यांनी भरवशाचा मार्ग धरावा. ज्यांची आधीच ८० च्या खाली गेली आहेत त्यांचा निर्णय खरोखर कठीण आहे, कारण थांबल्यास मोठी बचत होऊ शकते आणि कायदा लागू न झाल्यास दरवर्षी प्रीमियम चढत जातो. अशांनी निदान मूल्यांकन करून घेऊन दोन्ही आकडे समोर ठेवावेत.

आमची नवी लीज जानेवारीत पूर्ण झाली असून आता १६९ वर्षांवर मुदत शिल्लक आहे आणि भुईभाडे शून्य आहे. भू-नोंदणीचा अर्ज पेढीने केला, त्याची पोच मात्र आम्हाला मागून घ्यावी लागली. नोंदणी होऊन नवा मालकी क्रमांक मिळेपर्यंत जुने आणि नवे दोन्ही कागद आम्ही एकत्र जपून ठेवले आहेत. आणखी एखादा फ्लॅट असता तर याच पेढीकडे गेलो असतो, फक्त न्यायाधिकरणापर्यंतचा सगळा खर्च आधी लिहून घेऊन.